शॉट क्र. ४१८ मधील माझी चूक व आजच्या अखेरच्या शॉटबाबत

दिनांक : १४ मार्च, सकाळी ६.१०

प्रति,
मा. संचालक,
उच्चशक्ती लेसर केंद्र, उत्तर ओसाका

विषय : शॉट क्र. ४१८ मध्ये माझ्याकडून झालेली चूक आज दहाच्या शॉटने तपासण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : डॉ. हिदाका यांना आपले दि. ११ मार्चचे पत्र.

महोदय,

मी, तोमोए निशिवाकी, सव्वीस वर्षे या केंद्रात लेसरसमोर ठेवायचे सोन्याचे वर्ख कापून बसवते. अशा अर्जाला सहा शिक्के लागतात. माझा एक आहे. बाकीचे पाच साहेब पाहुण्यांच्या स्वागताच्या तालमीला गेल्याने अर्ज थेट आपल्याकडे आणला, याबद्दल क्षमा असावी.

१. डॉ. हिदाका यांचे म्हणणे असे, की लेसरचा झोत पडताच वर्खाचा प्लाझ्मा होतो, त्यात इलेक्ट्रॉनांची पळापळ होऊन प्रवाह फिरू लागतात आणि निमिषभर प्रचंड चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्यातून प्रोटॉन सोडले की फिल्मवर गोल कडे उमटते. हे कडे चुंबकाचे की नुसत्या विद्युत रेट्याचे, ते ठरवायला तिरपा वर्ख दुसऱ्या अंगाला कलवून प्रोटॉन प्लाझ्माच्या मागून पाठवायचे. चुंबक असेल तर चित्र उलटते, उजळ तिथे काळे होते. ४१७ सरळ आणि ४१८ उलटा, असे ठरले होते. ४१८ चे चित्र उलटले नाही.

२. उलटणार कसे? वर्ख मी दुसरीकडे कलवलाच नव्हता. परवा वर्खाचा धारक पुसायला घेतला, तर स्क्रू डाव्याच खाचेत. सव्वीस वर्षे माझा हात डावीकडे वळतो, तो त्या दिवशीही वळला.

३. उपविभागप्रमुख कुरिमोतो यांना सांगितले. ते म्हणाले, “निशिवाकी बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. यंत्र १४ च्या समारंभानंतर दोन वर्षं बंद. हिदाका काय, चिकटेल कुठेतरी.” आपल्या ११ मार्चच्या पत्राप्रमाणे डॉ. हिदाकांनी सहा वर्षांच्या कामावरचा निबंध मागे घेतल्याच्या कागदावर आज बारा वाजता सही करायची आहे. काल ते उपाहारगृहात भेटले. “निशिवाकी-सान, तुमचे वर्ख कधी चुकत नाहीत. चुकलो मीच,” असे म्हणाले. चूक माझी आणि फाशी त्यांना, हा कुठला न्याय?

४. आजचा शॉट समारंभासाठी राखीव आहे. पाहुण्यांच्या हस्ते तांब्याच्या चकतीला भोक पाडून तीच चकती चौकटीत घालून त्यांना भेट द्यायची आहे. “भोक गोल व प्रसन्न असावे,” असे शिष्टाचार समितीने मला लेखी कळवले आहे. भोक प्रसन्न कसे करतात, हे मला ठाऊक नाही. जुन्या शॉटांत भोके पडलेल्या नऊ चकत्या माझ्या कपाटात आहेत, समितीने त्यातली हसरी निवडावी.

५. आता जे सांगायला जीभ रेटत नाही ते. काल सायंकाळी चकतीऐवजी मी लेसरचा झोत पडतो त्या टाकीत वर्ख बसवला, उजव्या खाचेत. चार वेळा तपासला. ज्यातून प्रोटॉन सुटतात तो दुसरा वर्ख आणि फिल्मही लावली. डॉ. हिदाकांना यातले काही माहीत नाही. टाकीतली हवा उपसून झाली आहे. टाकी उघडून पुन्हा हवा उपसायला आठ तास लागतात आणि पाहुणे दहाला येतात.

६. बटण पाहुण्यांनीच दाबावे. विनंती एवढीच, की प्रोटॉन सोडणारा दुसरा लेसर त्याच बटणाला जोडावा. नियंत्रण कक्षातले ओगुरी हे वीस मिनिटांत करतील, पण आपल्या शिक्क्याशिवाय ते तारेला बोट लावणार नाहीत. जोडणी झाली नाही तर वर्ख जळून जाईल आणि हिदाका खरे की खोटे हे कोणालाच कळणार नाही.

७. चित्र उलटले नाही तर डॉ. हिदाका चुकले, त्यांनी खुशाल सही करावी. माझा राजीनामा सोबत आहे. चित्र कसेही येवो, तो स्वीकारावा. मात्र आधी मला फिल्म पाहू द्यावी.

ओगुरींच्या दाराशी आपल्या शिक्क्याची वाट पाहत उभी असलेली,

तोमोए निशिवाकी
वर्ख विभाग

सोबत : १. खाचेतील स्क्रूची छायाचित्रे, कालचे व ४१८ चे. २. राजीनामा.