वहीतला सतरावा राक्षस

प्रिय बारक्या,

तुझी राक्षसांची वही माझ्याकडे आहे. न विचारता घेतली, रागावू नकोस. तुला हातानं लिहिलेलं पत्र पाठवून किती वर्षं झाली कोण जाणे, पण फोनवर तू ‘ठीक आहे, कामात आहे’ एवढंच पाठवतोस आणि मी त्यावर नुसता अंगठा पाठवते. त्यात काही राम नाही. म्हणून कागद घेऊन बसले.

आधी घरची बातमी. तू नोकरीसाठी गेलास तेव्हा तू चालवायचास त्या फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळात तिघा मित्रांची पात्रं पुलावर उभी करून गेलास. पुलाखालून ट्रोल नावाचा राक्षस वर चढतोय, आणि सुट्टीत आलो की पुढचं, असं सांगून. सुट्टी काही आली नाही. तरी तिघं रविवारी चारच्या ठोक्याला येतच राहिले. औषधांच्या दुकानातला लांब्या, बेकरीवाली आणि पहिलीच्या वर्गाची मास्तरीण. आपल्या जेवणाच्या टेबलाशी बसायचे, चहा प्यायचे, पुलावर काय होईल यावर वाद घालायचे आणि जायचे. असे तीन रविवार मी पाहिले. चौथ्या रविवारी म्हटलं, मी चालवते खेळ. लांब्याच्या घशात बिस्किट अडकलं.

मी सव्वीस वर्षं हॉस्पिटलात मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालतेय. मला कुठले राक्षस माहीत असणार? पण तुझं ते खेळाचं जाडजूड पुस्तक घेतलं आणि बसमध्ये येता-जाता वाचून काढलं. गॉब्लिन, ओग्र, नजरेनं दगड करणारा बॅसिलिस्क, स्वतःचा जीव भलत्याच ठिकाणी लपवून ठेवणारा लिच. संदूक होऊन बसलेला आणि हात घातला की चावणारा तो मिमिक वाचताना मी इतकी हसले की शेजारच्या बाईनं जागा बदलली. गुहेतले बोळ साफ करत फिरणारा जेलीचा चौकोनी ठोकळा तर आमच्या वॉर्डात हवाच होता. पण मला खरं आवडलं ते वेगळंच. तुझ्या वहीत प्रत्येक राक्षसाच्या चित्राखाली तू एक ओळ लिहिली आहेस, ‘हा कशानं हरतो’. दुखणं आणि समोर उपाय. माझ्या ओळखीचं काम.

टेबलावर मांडायचा ट्रोल मी मुदत संपलेल्या प्लास्टरच्या पट्ट्यांचा केला. वाळताना त्याचं नाक पडलं, तसाच ठेवला. तिघांना वाटलं, काकू काय, नवशिक्या आहेत, ट्रोल म्हणजे पेटवला की संपला. पण तू वहीत लिहून ठेवलं होतंस की हा नदीतला ट्रोल, ओलाचिंब, पुरता वाळल्याशिवाय पेटत नाही. त्यांनी हात तोडला, हात परत उगवला. मशाल लावली, ती विझली. मी त्यांना दिसू नयेत म्हणून पुठ्ठ्याआड फासे टाकत होते आणि एक आकडा असा पडला की लांब्याचा योद्धा मेलाच. मला वाईट वाटलं रे. ओठांवर आलं होतं की दोननं कमी सांगावं. मास्तरणीनं माझ्याकडे बघितलं. पोरांची खोटी कारणं ऐकून तयार झालेली नजर ती. म्हणाली, काकू, खरा आकडा सांगा, आम्ही काचेचे नाही. सांगितला. लांब्यानं जाताना सगळे कप विसळले आणि विचारलं, पुढच्या रविवारी चारलाच ना?

चार रविवार लागले. शेवटी बेकरीवालीनं त्या ट्रोलला चिडवत चिडवत चुन्याच्या भट्टीपर्यंत पळवत नेलं, तिथं तो वाळला, आणि मग पेटला. भट्टीचं तिलाच सुचलं, रोज ओव्हनसमोर उभी असते ना. आम्ही एवढ्या उड्या मारल्या की खालच्या मजल्यावरचे काका कुणी पडलं का बघायला वर आले.

आता वहीचं सांगते. सोळा राक्षस खेळून झाले आणि मी पान उलटलं. सतराव्याला चित्र नाही. नाव ‘बसणारा’. खाली तुझ्या बारीक अक्षरात लिहिलंय की हा दिसत नाही, छातीवर बसतो, माणूस जेवतो, हसतो, कामाला जातो, तरी हा बसलेलाच असतो. तलवार, आग, मंत्र, कशाचाही उपयोग नाही. आणि ‘हा कशानं हरतो’पुढची जागा कोरी. कोपऱ्यात तारीख आहे, तुझ्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातली. तो महिना मला आठवतो. तू दुपार दुपारपर्यंत झोपायचास आणि मी आळशी म्हणून तुझ्या अंगावरचं पांघरूण ओढून काढायचे. एकदा तर चार माणसांत बोलले. मी ते पान उभ्यानं वाचलं आणि खाली बसले.

ते पान टाकून पुढे जाता आलं असतं. नाही गेले. हा राक्षस मीच रचलाय असं सांगितलं आणि त्यांच्यापुढे ठेवला. डोंगरावरच्या चौकीत एक पहारेकरी पडून आहे, छातीवर हा बसलाय, सोडवा. तिघांनी दोन तास सगळं करून पाहिलं. बाण मारले, गाणी म्हटली, राक्षसाला लाच देऊन पाहिली. मला वाटलं, आता कंटाळून सोडून देतील. तेव्हा लांब्या सावकाश म्हणाला, काकू, हा उतरत नसेल तर बसू दे, आपण माणसालाच उचलू. आणि उचललं. राक्षसासकट गाडीवर घातलं आणि डोंगर उतरवला. प्रत्येक चढ-उताराला फासे टाकले, दोनदा गाडी घसरली, बेकरीवालीच्या पात्राचा खांदा निखळला. गावात पोचले. मी विचारलं, तो अजून उतरला नाहीये, आता? मास्तरीण म्हणाली, नसू दे, आपण पाळीनं जवळ बसू, वैद्य बघतील. त्या कोऱ्या जागेत मी एवढंच पेन्सिलनं लिहून ठेवलंय. पटलं नाही तर खोड, वही तुझी आहे.

बारक्या, मंगळवारी तुझ्या शेजारच्या खोलीतल्या सोबत्याचा फोन आला. नोकरी जाऊन दोन महिने झाले, आणि एकोणीस दिवस तू खोलीच्या बाहेर पडलेला नाहीस, हे मला कळलंय. त्याच्यावर चिडायचं नाही, त्यानं मोठं काम केलंय. हे पत्रही तोच तुझ्या दाराखालून सरकवेल. मी शनिवारी सकाळच्या बसनं निघतेय, दुपारी तिथं असेन. आमच्या साहेबांनी रजा किती दिवसांची विचारलं, मी म्हटलं, काम होईपर्यंत. खोली आवरू नकोस, दाढी करू नकोस, बोलायचं नसेल तर बोलूही नकोस. आमच्याकडच्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी तुमच्या गावातल्या एका डॉक्टरांचं नाव दिलंय, सोमवारी अकराची वेळ घेतली आहे. तू नाही म्हणशील. म्हण, मी ऐकून घेईन, आणि आपण जाऊ. सोबत्याकडे दुसरी किल्ली आहे, ते मी आधीच विचारून ठेवलंय. पण दार तू उघडलंस तर मला बरं वाटेल.

तुझीच, पांघरूण पुन्हा कधीही न ओढणारी,
आई