नंदा, तुझा कोर्स माझ्या गळ्यात

प्रिय नंदा,

आज लिहायला बसले, कारण तुझ्यावर भयंकर चिडले आहे आणि तुझा फोन आता लागत नाही. तू गेलीस आणि तुझा पर्यावरणाचा ऑनलाइन कोर्स माझ्या गळ्यात पडला. मी मराठी शिकवणारी बाई गं! डेसिबल कशाशी खातात ते मला काय ठाऊक?

त्यात व्हिडिओमध्ये अजून तूच शिकवतेस. मुलं खाली तुलाच विचारतात, "मॅम, हे परीक्षेला येणार का?" मॅम आता नाहीत, असं एकदा लिहिलं, तर एकाने त्यावर अंगठा टाकला. अंगठा, नंदा!

डबा खाताना तू नेहमी म्हणायचीस, "आधी मुलांच्या घरात शिरायचं, मग धड्यात." छान! पण कॅमेरे बंद, माइक बंद, पडद्यावर नुसती नावं. शिरायचं कुठून, ते सांगून जायला काय झालं होतं?

गेल्या आठवड्यात ध्वनिप्रदूषण होतं. मी स्लाइड वाचत होते, मलाच जांभया येत होत्या. तेवढ्यात श्रुती नावाच्या मुलीचा माइक चुकून चालू राहिला. हॉर्न, ट्रक, आणि एक बाई जिवाच्या आकांताने ओरडली, "चहा घेतेस का?"

मी वैतागले. "श्रुती, घरात भांडण चाललंय का?"

"नाही मॅम, आई चहाचं विचारतेय. आम्ही माजिवड्याला राहतो ना, एकदम हायवेला लागून. घरात सगळे असंच बोलतात."

"मग खिडकी लाव आधी!"

मला फक्त तो गोंगाट बंद करायचा होता. खिडकी लागली. आई पुन्हा ओरडली, स्वतःच्याच आवाजाला दचकून मध्येच थांबली आणि हळूच म्हणाली, "काय झालं गं?"

श्रुती म्हणाली, "मॅम, मामाकडे सगळे म्हणतात, तुम्ही किती भांडता. मला पण वाटायचं, आमचं घरच भांडखोर आहे. मी मैत्रिणींना कधी घरी बोलावलंच नाही."

स्लाइड तशीच राहिली. मानपाड्याचा एक मुलगा बोलला, "मॅम, आमच्याकडे आवाज नाही, कंपन्यांचा वास आहे. प्रकल्पात त्यावर लिहिलं तर चालेल?" अरे, विचारतोस काय! एकेक माइक उघडत गेला. तास संपला तरी कुणी जाईना.

आणि हे बघायला तू नाहीस! "साधा ताप आहे, सोमवारी येते," म्हणाली होतीस. कुठला सोमवार गं? लॅपटॉप मिटला आणि मी रडले, मग पुन्हा तुझ्यावरच चिडले.

तरी शब्द देते. यापुढे आधी मुलांच्या घरचं विचारीन, धडा मागाहून. श्रुतीच्या आईने रविवारी चहाला बोलावलंय, तिथेही जाईन. आपण दोघींनी जायला हवं होतं.

तुझी, अजून न निवळलेली,
सुषमा