सुनेच्या पहिल्या शब्दाबाबत

मी, मुश्नी ताराश आद्लेइबा, वय एकोणऐंशी, माजी संरक्षणमंत्री, राहणार दुरिप्श, अबखाझिया, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण ते कोणाला द्यायचेही नाहीत.

१. माझी पदके आणि मंत्रालयाचा पहिला शिक्का गावच्या शाळेला द्यावा. शिक्का बुटाच्या तळव्यातून कोरलेला आहे. जगाने मान्यता न दिलेल्या देशाचा मी आठ वर्षे मंत्री होतो. कचेरी समुद्रकाठच्या आरोग्यधामात होती आणि युद्धाचा नकाशा न्हाणीघरात, कारण तेवढेच छप्पर गळत नव्हते. काडतुसे संत्र्यांच्या खोक्यांतून यायची. आजही संत्रे सोलले की ते दिवस आठवतात.

२. मंत्रालयातली खुर्ची माझ्यामागे मंत्री झालेला बताल त्स्विझ्बा याला द्यावी. पद सोडताना ती मी रागाने घरी आणली होती. तो ओरडला होता, "अहो साहेब, खुर्ची तरी ठेवा!" मी म्हटले, "बस जमिनीवर, देश जवळून दिसेल." तिचा एक पाय आखूड आहे. त्याने तो दुरुस्त करू नये.

३. घर, संत्र्यांची बाग व दोन्ही म्हशी माझी सून एस्मा हिच्या एकटीच्या मालकीच्या राहतील. चुलतभावांनी नाक खुपसू नये.

याचे कारण लिहितो. आमच्यात सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही. सासऱ्याने मेजवानी करून, भेटवस्तू देऊन तिला बोलायची मोकळीक द्यायची असते. तिचे आणि माझ्या मुलाचे लग्न १९९२च्या वसंतात झाले. मी म्हटले, मेजवानी द्राक्षे उतरली की करू. त्याआधीच युद्ध आले. पुढल्या वर्षी माझ्याच तुकडीतला माझा मुलगा अल्खास पुलावरच्या लढाईत पडला. पुलावर त्याला मीच पाठवले होते.

पुढे, युद्ध चालू असतानाच, मी मंत्री झालो. हजारो माणसे माझ्या शब्दावर उठत-बसत होती, पण एक मेजवानी मला जमली नाही. लोकांना वाटले, कामाचा व्याप. खरे म्हणजे मी भ्यालो होतो. तिचा पहिला प्रश्न कोणता असेल, हे मला ठाऊक होते. माझी नात, नाला तिचे नाव, आम्हा दोघांत निरोप्या होती: "आजोबा, आई म्हणते औषध घ्या." मे महिन्यात तीही सासरी गेली. आता सुनेचा राग मला ताटल्यांच्या आवाजावरून कळतो.

४. म्हणून आज दुपारी, साक्षीदारांसमक्ष, वासरू कापले, अंगणात पुरलेला दारूचा रांजण उघडला आणि माझ्या पत्नीचा चांदीचा कमरपट्टा एस्माच्या हाती दिला. म्हणालो, "बोल, पोरी. एकतीस वर्षे उशीर झाला. चूक माझी आहे."

ती पट्ट्याची एकेक कडी बाहीने पुसू लागली. बताल कुजबुजला, "साहेब, आता तिलाही मंत्रालयाचा हुकूम लागतो की काय?" मी त्याला गप्प केले.

मग ती बोलली. आवाज मला वाटला होता त्याहून जाड आहे. "बाबा, त्या दिवशी तो जेवून गेला होता का?"

हा प्रश्न मला ठाऊक नव्हता.

मी सांगितले, आणि इथे शपथेवर लिहितो: होय. मक्याची उकड आणि चीज. माझ्याच ताटात जेवला.

ठिकाण: दुरिप्श. दिनांक: १४ ऑक्टोबर २०२३.

सही: मुश्नी आद्लेइबा

साक्षीदार:
बताल त्स्विझ्बा (खुर्ची मान्य)
शालिको ग्वाझावा, शाळामास्तर