चुकलेली सम

नगर,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय रेश्माताई,

तुला आणि गोरक्ष दाजींना सलाम. इकडे आम्ही ठीक आहोत. पत्रात असं लिहायची रीत आहे आणि या वेळी ते बरंचसं खरंही आहे. सुवार्ता तिच्या शाळेत शिकवते आहे, माझ्यासमोर अकरावीच्या पेपरांचा गठ्ठा आहे. रविवारी कापणीच्या सणाला तू आणलेले पेरू चर्चच्या लिलावात साळवेमामांनी घेतले आणि त्यातले निम्मे संध्याकाळी आमच्याकडे पाठवून दिले. गोड होते.

फोन केला असता. पण फोनवर समोरच्याचं बोलणं संपायच्या आत माझ्या तोंडून ‘हो, हो’ निघतं आणि नंतर आपण काय कबूल केलं ते मी आठवत बसतो. म्हणून पत्र.

गिटार आता तुझ्या घरी आहे. ती परत मागण्यासाठी हे पत्र नाही, हे आधीच स्पष्ट करतो. तिची निगा कशी ठेवायची तेवढं कळवायचं आहे.

ती पेटीतच ठेव. भिंतीला टेकवून उभी ठेवू नकोस. कांद्याच्या चाळीत नको आणि पत्र्याखाली तर नकोच. तुमच्याकडे नदीची ओल असते, नगरची हवा कोरडी. लाकडाला हा फरक कळतो आणि मान थोडी वाकते. तसं दिसलं तर दाजींना पक्कड घेऊ देऊ नकोस. आत एक लोखंडी सळई असते, ती पाव आटा फिरवावी लागते, आणि कुठल्या बाजूला ते ठाऊक असावं लागतं. पाठीमागच्या झाकणात नऊ व्होल्टची बॅटरी आहे. वायर खोचलेली राहिली तर कुणी वाजवत नसतानाही ती उतरते. वाजवून झालं की वायर काढत जा.

तुमच्याकडे वाजवणारंच कुणी नाही, म्हणजे वायर लावली जाणारच नाही, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं. तरी राहू दे.

तुला वाटेल, एका वाद्याचं एवढं काय. ती निवडायला मला तीन वर्षं लागली. आपल्या चर्चमध्ये ड्रम नाहीत, मच्छिंद्रची ढोलकी आहे, हे तुला माहीत आहे. ढोलकीच्या डाव्या पुडीचा घुमारा आणि चार तारांच्या साध्या बास गिटारचा आवाज एकाच जागी येऊन बसतात. दोघंही वाजतात आणि ऐकणाऱ्याला नुसता गलका ऐकू येतो. मला ढोलकीच्या खाली जाऊन बसणारा आवाज हवा होता, म्हणजे पाचवी, सगळ्यात जाड तार. पण स्वस्तातल्या गिटारीवर ती तार भिजलेल्या दोरीसारखी वाजते. ती घट्ट, स्वच्छ बोलायला हवी असेल तर लाकूड चांगलं लागतं, मान मजबूत लागते, आणि मग किंमत मास्तराच्या आवाक्याबाहेर जाते. असा माझा हिशेब होता आणि तो मी पाळकसाहेबांना, सुवार्ताला आणि स्वतःला वेळोवेळी समजावून सांगितला.

पुण्याच्या दुकानात मी इतक्या शनिवारी गेलो की तिथला माणूस मला बघून स्टूल पुढे करायचा. एकदा म्हणाला, “सर, जरा अंगठ्याने हाणून बघा ना, काय तडाखा आहे तिला.” म्हटलं, मी तसलं वाजवत नाही. म्हणाला, “चर्चवाले का?” मी विचारलं, कसं ओळखलं. म्हणाला, “बाकीचे येतात, दहा सेकंदांत सगळं वाजवून दाखवतात. तुम्ही लोक एकच सूर लावता आणि तो मरेपर्यंत ऐकत बसता.”

तिथे एक अमेरिकन होती, दिसायला देखणी, पण दीड तासाच्या उपासनेत खांदा उतरला असता. एक जपानी हलकी होती, पण जाड तारेवर तिचा आवाज पातळ व्हायचा. ही तिसरी. बिनरंगाची, नुसतं तेल दिलेली. तिचा सूर मी ऐकला तेव्हा दुकानातला पंखाही ऐकू येईनासा झाला. जूनमध्ये ती घरी आली. तेव्हापासून रविवारी वाजवत होतो, फक्त तिच्यावर प्रार्थना व्हायची राहिली होती. पाळकसाहेब म्हणाले, कापणीच्या सणाला करू.

पुढचं तुझ्यासमोरच घडलं. तू मागच्या बाकावर होतीस, त्यामुळे मुळात काय झालं ते तुला कळलं नसेल. शनिवारी मी साळवेमामांना फोन केला. चर्चचे सेक्रेटरी म्हणून सगळी मांडामांड त्यांच्याकडे असते. मला म्हणायचं होतं, गिटार समर्पणाच्या प्रार्थनेला ठेवायची आहे. नव्या मोटरसायकलीवर करतात तशी प्रार्थना. मी म्हणालो, “गिटार अर्पणाला ठेवायची आहे.” मराठी माध्यमात शिकलेला माणूस मी, तरी समर्पणातला ‘सम’ गळाला. मामांनी अर्पण ऐकलं आणि तिला वेदीसमोर ज्वारीची कणसं, भोपळे आणि पाय बांधलेल्या कोंबड्यांच्या रांगेत ठेवलं. उपासना संपल्यावर अंगणात जे जे अर्पणाचं म्हणून लिलावाला निघालं, त्यात तीही निघाली. मच्छिंद्र आता गावभर सांगत फिरतो, “सुनीलभाऊची सम चुकली.”

एका शब्दाचा गैरसमज, एवढंच. गर्दी होती. तू बोली लावलीस, ती तुझी झाली, आणि चर्चसाठी पैसेही जमले. तेव्हा माझी काही तक्रार नाही.

बाकी सर्व ठीक. सवड झाली तर लिही, घाई नाही.

तुझा,
सुनील


नगर,
१ डिसेंबर २०२५

ताई,

गुरुवारच्या तुझ्या फोनचं उत्तर हे. फोनवर दिलेलं उत्तर धरू नकोस.

तू म्हणालीस, “पत्र भेटलं. लई शिकवलंस बॅटरीचं. तुला पायजे का न्हाई, ते कुठंय त्यात?” मी म्हणालो, तुझ्याकडे आहे तर राहू दे ना, काय घाई आहे. तू म्हणालीस, “मग राहू दे.” मागून दाजींचा आवाज आला, “आगं, देऊन टाक की त्याला. त्या पेटीपायी दिवाणावर बसता येईना.” त्यावर तू त्यांना जे म्हणालीस ते मला ऐकू यावं म्हणूनच म्हणालीस असं वाटतं. “न्हाई. ल्हानपनापासनं ह्याला कधी काय मागता आलं न्हाई. हा गप बसनार आन दुसऱ्यानं याचं मन वळखायचं. आई वळखायची, मंग मी, आता सुवार्ता. मी दमले आता. त्यानं मागितली तर देईन, न्हाईतर तिच्यावर गोधड्या ठेवीन.”

तू फोन ठेवलास आणि मी बराच वेळ तुझ्यावर रागावून बसलो. मी कुणाकडे काही मागत नाही, हा माझा गुण आहे असं मी आजवर समजत होतो. माझ्यासारख्या बऱ्याच जणांना तसं वाटत असावं. आपलं मन ओळखण्याचं काम आपण घरातल्या बायकांवर टाकलेलं असतं, हे तुझ्या वाक्यानंतर मी पहिल्यांदा विचारात घेतलं. सुवार्ताला विचारलं, ताई म्हणते ते खरं का? ती कणीक मळत होती. म्हणाली, “भाजीत मीठ कमी असलं तरी मला तुमच्या तोंडाकडे बघून कळून घ्यावं लागतं.”

तेव्हा आता आधीच्या पत्रातलं एक दुरुस्त करतो. तिथे मी एका शब्दाचा गैरसमज असं लिहिलं. शब्द चुकला हे खरं. पण लिलावात गिटार हातात घेतल्यावर साळवेमामांनाच शंका आली होती. त्यांनी माइक बाजूला केला आणि मला विचारलं, “सुनील, ही खरंच द्यायची ना रे? का नुसती प्रार्थना?” तू लांब होतीस, तुला ऐकू गेलं नाही. मला स्वच्छ ऐकू आलं. मी म्हणालो, “हो मामा, अर्पणच.”

का म्हणालो, याची मी गेले काही दिवस उलटतपासणी करतो आहे. लोकांसमोर नाही म्हणायची लाज, हे एक. दुसरं म्हणजे, जूनपासून ती वाजवताना माझे डोळे मिटलेले असायचे आणि शेजारच्याला वाटायचं मी प्रार्थनेत आहे. मी त्या पाचव्या तारेचा सूर ऐकत असायचो. उपदेश चालू असताना तारा कधी बदलायच्या याचा विचार करायचो. त्यामुळे मामांनी विचारल्यावर वाटलं, ही जाणंच बरं, देवानेच मागितली असेल. हे कारण ऐकायला चांगलं आहे. पण लगेच गोजरबाईंनी आपल्या भोपळ्याच्या भावात बोली लावली आणि म्हणाल्या, “घेते बाई, कपडे वाळत घालायला तारा हायेत.” सगळं अंगण हसलं. मीही हसलो. आणि त्याच वेळी कुणीतरी मोठी बोली लावून हे थांबवावं असं मला फार वाटलं. देवाला दिलेल्या वस्तूबद्दल असं वाटत नाही. मागून तुझा आवाज आला, आणखी कुणाचा आला नाही. मी वळून पाहिलं नाही. मग तू पेटी उचलून टेम्पोत ठेवलीस आणि मी दाजींना दार लावायला मदत केली. काय म्हणावं मला.

काल रविवारी उपासनेनंतर साळवेमामांना गाठून सांगितलं, “मामा, ती अर्पण नव्हती. मी तुम्हाला खोटं बोललो.” ते सतरंजी गुंडाळत होते. म्हणाले, “मग तवाच बोलायचं की. आम्हाला वाटलं, एवढं मोठं अर्पण केलं, आता हा नाताळपर्यंत कुणाशी बोलायचा नाही.” मग म्हणाले, “रेश्माने बोलीचे पैसे चर्चला भरले. तू तिचे पैसे तिला देऊन टाक आणि मोकळा हो.” तेवढंच. मला वाटलं होतं काहीतरी घडेल. त्यांनी मला सतरंजीचं दुसरं टोक धरायला सांगितलं.

काल मी चर्चच्या कपाटातली जुनी चार तारांची वाजवली. तारांना गंज आहे. मच्छिंद्रने पाठ थोपटली. “आज लई भारी बसलं, सुनीलभाऊ.” तो चेष्टा करत नव्हता. दुसऱ्या कुणालाही फरक कळला नाही. म्हणजे तीन वर्षं मी सगळ्यांना जे समजावत होतो, ढोलकी, घुमारा, उपासनेची गरज, त्यातलं काहीच टिकत नाही. आपल्या त्या चर्चमध्ये फरक ऐकणारा एकच माणूस आहे आणि तो मी.

आता माझ्याकडे एकही चांगलं कारण उरलेलं नाही. नाताळच्या तालमी सुरू होतात असं लिहिणार होतो, ते खोडलं.

ताई, मला ती गिटार हवी आहे. देवासाठी नाही, चर्चसाठी नाही. मला तिचा आवाज आवडतो. ती माझी आहे आणि मला परत हवी आहे.

शनिवारी सकाळच्या एसटीने तुझ्या बोलीचे पैसे घेऊन पुणतांब्याला येतो. दारात उभा राहून ‘सहज आलो होतो’ म्हणणार नाही.

मागायला येणारा,
सुनील