डाव्या चाकाची खीळ

हार्टफर्ड, १० मार्च १९०७

ती. टेसीताईस,
धाकट्या जोएलचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी पोचली. बरणी माझ्या लेकीने, क्लाराने लपवली, म्हणून पत्र आधी वाचलं. माझा गुडघा रात्रंदिवस जागा असतो, बाकीचा मी पेंगत असतो. गेल्या आठवड्यात गव्हर्नरसाहेबांच्या मेजवानीत मला मधल्या खुर्चीत बसवलं. शहरात माझा पुतळा उभारायचं घाटतंय. शिल्पकार येऊन नाक मोजून गेला, म्हणाला की नाकाला कांस्य बरंच लागेल.

आता मुद्द्याचं. डॉक्टरच्या मते माझं हृदय कुरकुरायला लागलंय. इथल्या संगमरवरी दफनभूमीत दोन विमा कंपन्यांच्या अध्यक्षांच्या मधे मला पडून राहायचं नाही. मला आईजवळ यायचंय, आपल्या सभाघरामागच्या कुरणात. पण मी बंदूक बनवली म्हणून शस्त्राला हात न लावणाऱ्या आपल्या मित्रसमाजाने मला काढून टाकलं त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. परत यायचं तर कबुलीपत्र लिहावं लागतं, ते सभेत मोठ्याने वाचतात, आणि एकानेही नाही म्हटलं तर गाडं अडतं, हे मी विसरलेलो नाही.

म्हणून सोबत कबुलीपत्र जोडलंय. कारकुनाकडून टंकलिखित करून घेतलंय, वाचायला त्रास पडू नये. शिवाय सभाघराचं छप्पर गळतं असं कानावर आलं. सगळं छप्पर स्लेटच्या फरशांचं करून द्यायची माझी तयारी आहे. हे दोन विषय अगदी वेगळे आहेत, पण सभेत एकाच दिवशी निघाले तर बरं.

तुझा लोभ पंचाहत्तर वर्षं पुरला, अजून थोडा शिल्लक असेल असं धरून चालतो.

तुझा,
जोएल हिबर्ड


एल्महॉलो, तिसऱ्या महिन्याची अठ्ठाविसावी

चि. जोएल यास,
टेसीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ते साष्टांग आधी बंद कर. आपल्यात राजापुढेही कोणी वाकत नाही, टोपी काढत नाही, आणि गव्हर्नरालाही तू म्हणतात, साहेब नाही. हे आईने तुला छडी न उगारता शिकवलं होतं. महिन्यांचीही ती देवांची नावं नकोत. मार्च म्हणे युद्धाच्या देवाचा. तुझ्या तोंडी तो शोभतो, ते सोड.

परवा तुझा कागद सभेत वाचला. सभेचा चिटणीस म्हणून कॅलेब वाचत होता, तर पहिलं पान संपेपर्यंत मला वाटलं की हा चुकून तुझ्या कारखान्याचं माहितीपत्रक घेऊन आलाय. मिनिटाला किती गोळ्या, थंडीत अडकत नाही, दोन घोडे सहज ओढतात! मग म्हणे, कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास खेद वाटतो. अरे, भावना? आणि शेवटी तुझं जुनंच पालुपद, एक बंदूक शंभरांचं काम करते, म्हणजे नव्व्याण्णव घरी राहतात. त्या नव्व्याण्णवांच्या घरचा पत्ता तू मला कधी दिला नाहीस. दे, मुरंबा पाठवते.

नंतर सगळे गप्प बसले, आपल्या रीतीप्रमाणे. बाहेर पाऊस होता आणि बायकांच्या बाजूला बादलीत टपटप चाललं होतं. त्या टपटपीने पुष्कळांची मनं पाघळली बघ. एनॉस प्यूसी उठून म्हणाला की जोएल म्हातारा झाला, क्षमा करणं हेच आपलं काम. त्याची नजर छताकडे होती. एकेक जण रुकार देत गेला. मग मी उठले आणि मला हे पटत नाही म्हणाले. अडलं ते माझ्यापाशी.

तुला राग येईल. येऊ दे. तू आईजवळ यावास असं माझ्याइतकं कोणालाच वाटत नाही. पण असल्या कागदावर तुला आणलं तर आई कूस बदलून झोपेल. माझी बोटं रक्ताळायची म्हणून तेरा वर्षांचा असताना तू कणसं सोलायचं यंत्र केलंस, ते अजून धडधाकट आहे. कालच त्यावर बियाण्याचा मका काढला. तो जोएल मला पुन्हा भेटला तर हवाय.

आशीर्वाद आहेतच, रुसलास म्हणून परत घेणार नाही.

टेसी


हार्टफर्ड, ६ एप्रिल १९०७

ती. टेसीताईस,
तुझ्या हुकमावरून नमस्कार रद्द. वि. वि.

अख्खी सभा हो म्हणते आणि सख्खी बहीण नाही म्हणते, धन्य आहे! कॅलेबच्या बापाने मला काढलं तेव्हा दुःख झालं नव्हतं इतकं आता झालं. दुसरा कागद जोडलाय. यात बंदुकीचं वर्णन एक ओळसुद्धा नाही. ती अयोग्य हातांत पडली, सेनापतींनी अविचाराने वापरली, राजेरजवाड्यांनी हाव सोडली नाही, याबद्दल मी मनापासून दुःख व्यक्त केलंय. क्लाराच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला सर्दी होती, हे मान्य.

आणि त्या कणसांच्या यंत्राचं तू नाव काढलंसच म्हणून सांगतो. बंदुकीचा दांडा त्याचाच, चाकही त्याचंच. पहिल्या दिवशी कोठारात तो दांडा कोणी फिरवला होता? याहून जोरात फिरेल का, असं टाळ्या पिटत कोणी विचारलं होतं? मग तूही लिही एक कबुलीपत्र. माझा कारकून मोकळाच आहे.

लोभ ठेवायचा की नाही ते तुमच्या सभेत ठरवून कळवावं.

जोएल


एल्महॉलो, चौथ्या महिन्याची पंचविसावी

चि. जोएल यास,
टेसीचे आशीर्वाद, आज जरा जास्तच. वि. वि.

हो, मीच विचारलं होतं. कणसांसाठी. त्यावरून मला दोन रात्री झोप आली नाही, तेव्हा तुझा टोला लागला असं समज आणि खूश हो.

पहिल्या कागदात कोणाचंच काही चुकलं नव्हतं. दुसऱ्यात सगळ्या जगाचं चुकलं, एक तू सोडून. बरं झालं माणसाला दोनच हात दिले, नाहीतर तू किती वर केले असतेस! या खेपेला मला उठावंच लागलं नाही. कॅलेबनेच कागदाची घडी घातली आणि म्हणाला की जोएलला समक्ष भेटून यावं. तर रीतीप्रमाणे दोघे तुझ्याकडे येताहेत, कॅलेब आणि एनॉस. दारू पुढे करू नकोस, कालवं तर मुळीच नकोत. एनॉसला ती दिसली तरी त्याच्या पोटात कालवतं.

ते तुला समजवायला येताहेत, तू त्यांना विकायला बसू नकोस.

लोभ सभेने ठरवायचा नसतो, मूर्खा.

टेसी


हार्टफर्ड, ११ मे १९०७

ती. टेसीआत्यास,
क्लाराचा न वाकता केलेला नमस्कार. वि. वि.

तुला तू म्हणताना मला शहरात वाढल्यामुळे फार अवघडतं, पण बाबांनी बजावलंय. ते स्वतः लिहीत नाहीत म्हणून मी लिहितेय.

पाहुणे आले, टोप्या घालूनच जेवायला बसले, आमची मोलकरीण घाबरली. जेवण झाल्यावर बाबा त्यांना कारखान्याच्या पटांगणात घेऊन गेले. तिथे एक बंदूक बाबा रोज पुसून ठेवतात. खरं म्हणजे गेल्या चार वर्षांत आमची एकही विकली गेलेली नाही. सैन्य आता दुसऱ्या कोणाची घेतं, तिला दांडाच नसतो. हे बाबा पाहुण्यांना सांगत नाहीत.

कॅलेब बाकावर जाऊन बसला आणि त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. एनॉसने बंदुकीला एक फेरी घातली, दुसरी घातली. म्हणाला की शेतकरी माणूस आहे, अवजार कोणतंही असो, हात लावल्याशिवाय कळत नाही. बाबांनी लगेच समोर फळ्या लावायला सांगितल्या. आत्या, त्याने दांडा फिरवला तो गोळ्या संपेपर्यंत थांबलाच नाही. फळ्यांचा भुगा झाला. त्याची टोपी पडली, पांढरे केस उडत होते आणि तो लहान पोरासारखा खदखदा हसत होता. आणखी गोळ्या आहेत का, असं त्याने विचारलं. बाबा इतके खूश मी कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते.

सकाळी न्याहारीला एनॉस बाबांच्या शेजारी बसला. बाबांच्या खुर्चीसमोर भिंतीवर एक मोठं छायाचित्र आहे. दूरच्या कुठल्याशा वसाहतीतून एका पलटणीने आभारादाखल पाठवलेलं, वीस वर्षं तिथेच आहे. पुढे आमची बंदूक आणि तिच्यामागे सहा सैनिक, ऐटीत. एनॉसने ब्रेडला लोणी लावता लावता सहज विचारलं की मागच्या खड्ड्यात ही पोती कसली रचलीत. बाबा उठले, चष्मा लावून चित्रापाशी गेले. मीही गेले. मी याच खोलीत लहानाची मोठी झाले. ती पोती नव्हती.

 मग सगळ्यांनी न्याहारी संपवली आणि पाहुणे गाडीला गेले. चित्र काढून ठेवू का, असं मी बाबांना विचारलं, तर एकदम अंगावर आले. तेव्हापासून ते त्याच खुर्चीत बसून असतात. मला भीती वाटते, आत्या. काय करू ते सांग.

तुझा लोभ मी फारसा कमावलेला नाही, पण या घटकेला फार लागतोय.

क्लारा


एल्महॉलो, पाचव्या महिन्याची तिसावी

चि. जोएल यास,
टेसीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

क्लाराचं पत्र मिळालं. तिला सांग, चित्र तिथेच राहू दे आणि तुला गरम सूप देत जा.

काल सभा झाली. विषय तुझा होता, पण कॅलेबने तोंड उघडायच्या आत एनॉस उठला. हातात कागद नव्हता. म्हणाला की मी मित्र जोएलला समजवायला गेलो होतो आणि त्याची बंदूक चालवून आलो. कोणी बळजबरी केली नाही. मी दांडा फिरवला आणि मला मजा आली, इतकी की मी आणखी गोळ्या मागितल्या. दुसऱ्या दिवशी ती कशासाठी असते ते चित्रात पाहिलं. मला ती पोती वाटली. पोती नाहीत हे कळल्यावरही मी हातातला ब्रेड खाली ठेवला नाही, न्याहारी पूर्ण केली. एवढं बोलून तो खाली बसला.

अर्धी सभा रडत होती. मर्सी पामर, जी वाचन सुरू झालं की झोपते, ती टक्क जागी होती. त्याला तिथल्या तिथे पदरात घेतलं. एका दुपारचा दांडा, आणि फळ्यांशिवाय कोणाला ओरखडा नाही. पण त्याने सांगितलं ते त्याचं स्वतःचं होतं, शेजाऱ्याचं नव्हतं.

तुला वेगळं काही लिहीत नाही. तू मंद कधीच नव्हतास.

टेसी


हार्टफर्ड, सहाव्या महिन्याची नववी

टेसीताई,

महिना तुझ्या पद्धतीने लिहिलाय. कारकुनाला सुट्टी दिलीय. पुतळ्यावाल्यांना नको म्हणून कळवलं. त्यांनी फारसा आग्रह केला नाही, त्याचं वाईट वाटलं, हेही कबूल करतो.

कागद सोबत वेगळा जोडत नाही, पुढे लिहितोय तेवढाच आहे. छपराचा याच्याशी संबंध नाही, ते मी कसंही करून देईन.

मी, जोएल हिबर्ड. वीस वर्षांपूर्वी ते चित्र आलं, तेव्हा मी भिंग घेऊन पाऊण तास पाहत होतो. त्याच दिवशी मी त्या पलटणीला पत्र लिहिलं. लिहिलं की बंदुकीच्या डाव्या चाकाची खीळ तुमच्या माणसांनी उलटी बसवली आहे, ती सरळ करून घ्यावी, नाहीतर चाक निसटेल. पत्रात दुसरं काही नव्हतं. खड्डा त्या चाकाच्या लगेच मागे आहे. खीळ दिसते आणि खड्डा दिसत नाही, असं त्या चित्रात शक्यच नाही. त्यांनी खीळ सरळ केली आणि आभाराचं पत्र पाठवलं. मला आनंद झाला.

हे वाचून जे ठरेल ते ठरो. ताई, मला आईजवळ यायचंय. पण आता आईला तोंड दाखवायची भीती वाटते.

जोएल


एल्महॉलो, सहाव्या महिन्याची सत्ताविसावी

चि. जोएल यास,
तुझ्या टेसीचे अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि.

कॅलेबने तुझा कागद वाचला. खिळीपाशी आला तेव्हा त्याने थांबून पाणी मागवलं. मग आम्ही गप्प बसलो, इतका वेळ की बाहेरचे घोडे खूर आपटायला लागले. एनॉसने वर छताकडे एकदाही पाहिलं नाही. शेवटी कॅलेबने माझ्याकडे पाहिलं. मला पटलंय असं म्हणायला मी उठले. नुसतीच उभी राहिले आणि रडले. अडलं नाही, तेवढं सगळ्यांना कळलं.

मर्सी मात्र म्हणाली, आणि मला वाटतं ती बरोबर होती, की त्या खड्ड्यातल्या माणसांच्या वतीने क्षमा करायचा अधिकार या सभेला नाही. ती माणसं इथली नव्हेत, त्यांना कोणी विचारलेलं नाही. आपण जोएलला फार तर बाकावर जागा देऊ शकतो आणि पुढे मागे कुरणात. कॅलेबने नेमकं तेवढंच नोंदवून घेतलं. तेव्हा क्षमा मिळाली अशी समजूत करून घेऊ नकोस. जागा मिळाली.

कुरणाची घाई करू नकोस. आई इतकी वर्षं थांबली, आणखी थांबेल, आणि तोंड लपवायला लागेल असं तिच्यापाशी कधीच नव्हतं. आधी जिवंत ये. क्लारालाही आण, ती मला आवडली. कणसांच्या यंत्राचा दांडा हल्ली सैल झालाय, तो तेवढा बघ. यंत्र मी फेकून देणार नाही.

छप्पर मात्र नको. तुला आत घेतल्यावर लगेच तो विषय निघाला, आणि तुझ्या स्लेटला सगळी सभा नाही म्हणाली. एनॉससुद्धा. तू आता आमच्यातला, तर आमच्यासारखाच भिजशील. बाकावर रिकामी जागा एकच आहे, ती नेमकी बादलीशेजारी. टोपी घालून ये. आपल्यात ती काढत नाहीत, हे तुला आठवतच असेल.

टेसी