इंजिनच्या दिव्यावरची टिकली

मंगळवार, गोरेगाव (जि. गोंदिया). राग उतरायच्या आत लिहून घेते.

गाडीच्या मीटरमधला इंजिनचा पिवळा दिवा हल्ली दिसत नव्हता. मला वाटलं, गेला आपोआप. आज सकाळी मीटर पुसायला गेले तर दिव्यावर टिकली. माझीच, आरशावरची मोठी काळी. ह्यांना विचारलं, काऊन लावली? म्हणाले, "दिवा पाहून तुले टेन्शन येऊन राहिलं होतं ना."

म्हणजे बिघाड गाडीत नाही, माझ्या डोळ्यांत?

टिकली काढून पर्समध्ये टाकली आणि एकटीच गाडी घेऊन गोंदियाला गेले. मेकॅनिकने स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. "मॅडम, ये निकालके सीधा पाइप डाल देते हैं. सब यही करते हैं." सगळे करतात म्हणून मी कायले करू? म्हटलं, आधी गाडी वर घ्या, खालून बघू. कुरकुरत घेतली. कन्व्हर्टरच्या अलीकडे सायलेन्सरचा जोड फाटलेला, वर शेताच्या धुऱ्या-बांधाची माती चिकटलेली. फटीतून हवा शिरायची आणि सेन्सर फसायचा. कन्व्हर्टर धडधाकट. जोडाला वेल्डिंग केलं, कोड पुसला, घरापर्यंत दिवा लागला नाही.

धुरे ओलांडून धानाच्या बांधीत गाडी घालून पोती कोण आणतं? मी तर नाही.

आत्ता हे आले. जोडाचं सांगितलं, तर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, उद्या पोती आणाची आहेत. किल्ली दे."

मी पर्स उघडली आणि त्यांच्या हातावर टिकली ठेवली.