उमरावतीतला दहावा माणूस

रविवार, ता. ११ डिसेंबर १८६४. उमरावती.

काल शनिवार, म्हणून लेखणी धरली नाही. आज दोन दिवसांचं एकदम. कापसाच्या गाड्यांची रांग आमच्या दारापासून थेट बाजारापर्यंत. रुई हवेत उडते, ताटात पडते, दाढीत अडकते. सूनबाई मिलका म्हणाली, "मामंजी, आठवड्यात फार म्हातारे झालात!" मग पदराने रुई झाडून दिली. मुलगा दाऊद बडनेऱ्यास रेल्वेच्या पुलावर देखरेखीला. नातू अब्राम धडधाकट. घरात तांदूळ आहे, गूळ आहे. कोकणात तेलाच्या घाण्याभोवती जन्म गेला, त्या मानाने हे म्हातारपण चांगलंच. तक्रार नाही.

काळजी मात्र आहे. माघात सगुणाला जाऊन वर्ष होतं. दाऊदने आईसाठी कद्दिश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायचा, आणि त्याला दहा पुरुष लागतात, आपल्या इस्राएल लोकांतले. माणसं मोजू नयेत असं वडील सांगत, म्हणून तुरीचे दाणे मांडले. उमरावती-बडनेरा मिळून सात. अकोल्याचे दोघे आले तर नऊ. पुन्हा मांडले. नऊच.

बुधवार, ता. १४.

काशीबाई माळीण वांगी घेऊन आली. मी ओटीवर बसलेला.

"काहून जी आबा, तोंड पाडून बसले?"

सांगितलं तिला. दहा माणसं नाहीत, म्हणून प्रार्थना अडली.

"आमच्या इथं भजनाले चार टाळ आले का देव येऊन बसते. तुमचा देव लय हिशेबी हाय बाप्पा! नऊ मानसं पाहून तो का दारातूनच वापस जाते?"

मिलका आत हसत होती. मलाही हसू आलं. खरंच, नवांचं तो ऐकतच नसेल का? ऐकत असेल. पण नियम आहे. नियम कोणी, केव्हा, का केला हे मला कुठे ठाऊक. वांगी छान होती.

सोमवार, ता. १९.

दाऊद शनिवार घरी काढून आज गेला. साहेबाने शनिवारी ये म्हटलं होतं. याने मागचा रविवार कामाला देऊन सोडवून घेतलं. बरं वाटलं. जाताना दारात म्हणतो, "बाबा, दहावा आहे की. इलोजी."

मी ऐकलं नाही असं केलं. ऐकलं होतं.

इलोजी सुतार इथेच असतो, रुई दाबायच्या चापांचं लाकूडकाम करतो. आपल्यासारखाच शनिवार पाळतो, खवल्याशिवायचा मासा खात नाही, दार-फाळणीच्या सणाला दार लावून उपास करतो. सगळं खरं. पण त्याची आजी कोळीण होती. म्हणून ते काळे इस्राएल, आम्ही गोरे. रंगाचं म्हणाल तर मी त्याच्यापेक्षा दोन बोटं काळाच आहे. पण आमच्याकडे रीत आहे: प्रार्थनेला ते मागे, शरबताचा पेला त्यांना शेवटी, आणि दहांत त्यांना धरायचं नाही. वडिलांनी धरलं नाही. आणि सगुणा तर... तिने त्यांना प्यायला तांब्यासुद्धा वेगळा ठेवलेला. तिच्याच कद्दिशला इलोजी दहावा? ती काय म्हणेल! म्हणजे म्हणणार कशी. पण म्हणेल.

मंगळवार, ता. २७.

नाताळची सुटी म्हणून अकोल्याहून बुनाजी आला आहे. कचेरीत कारकून, मुंबईत शिकलेला, लग्न व्हायचं आहे. मुलगा चांगला, बोलतो फार. दाऊदने त्याला आधीच पढवून ठेवलं असावं. बसल्या बसल्या म्हणाला, "हसाजीकाका, मूसाच्या पुस्तकात गोरा-काळा कुठे लिहिलंय ते दाखवा."

मी कुठून दाखवू? कोचीनहून आलेल्या मास्तरने मला हिब्रू अक्षरं शिकवली, ती जोडून वाचायला शिकवायच्या आत तो पुढच्या गावी गेला. प्रार्थना येतात त्या कानाने आलेल्या. तरी मी म्हटलं, "पुस्तकात मलिदाही नाही. एलियाहू नबीच्या नावाने आपण पोहे-गूळ-खोबरं मांडतो ते सोडायचं?"

"सोडावं. मुंबईत काहीजण सोडू लागलेत. काळ बदलला काका."

आतून मिलका: "मग काल तीन वाट्या मलिदा कोणी खाल्ला?"

बुनाजी लाल झाला. पण माझं मन त्यावर राहिलं. आज हे सोडलं, उद्या ते. एक खुंटी उपटली की तंबू उभा राहतो का? दुसरीकडे वाटतं, सगळ्याच खुंट्या सारख्या नसतील. कोणती कोणती, हे सांगणारं इथे कोणी नाही. कोकणात वडीलधारे होते, ते ठरवत. इथे सगळ्यांत वडील मी. बुनाजी झोपला तरी मी ओटीवर तेच घोळत.

शुक्रवार, ता. ६ जानेवारी १८६५.

सुटलो! मुंबईहून बगदादी यहुदी कापूस घ्यायला आला आहे, बाजारामागे तंबू टाकून. लांब झगा, लाल दाढी, हिब्रू घडघडा वाचतो म्हणतात. महिनाभर मुक्काम. हाच दहावा. इलोजीचा प्रश्नच उरला नाही. मिलकेला म्हटलं आज कोंबडी कर. स्वतः कापली. हुरडाही आला होता काशीबाईकडून. दुपारीच पोटभर जेवलो.

मंगळवार, ता. १०.

बगदादी सेठ घरी येऊन गेला. दाऊद मुद्दाम बडनेऱ्याहून आला होता. मिलकेने नवा गडवा घासून पाणी ठेवलं, मनुकांचं शरबत केलं. सेठ गोड बोलला. रोजच्या प्रार्थनेतला शमा म्हणून दाखवा म्हणाला, मी म्हटला. त्याने मान हलवली. मग कद्दिशचं विचारलं.

"आप लोग भले आदमी हो," तो म्हणाला. "मगर गिनती में बैठना दूसरी बात है। तुम्हारे बाप-दादा का हमको मालूम नहीं। हमारे धरम-गुरु हाकाम से पूछना पड़ेगा।"

दाऊद म्हणाला, "आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळतोय, साहेब."

"पालते होंगे," असं म्हणून तो उठला. पाण्याला हात लावला नाही. शरबतालाही नाही.

माझे कान अजून गरम आहेत. कोण कुठला हा! माझ्या बापाचं याला मालूम नाही! माझा बाप शनिवारी घाणा थांबवायचा, सणाचे दिवस आले तरी, गिऱ्हाईक दाराशी येऊन शिव्या देऊन जायचं तरी. याला कोणी विचारलं होतं? म्हणे हाकामाला विचारतो. विचार. विचारत बस.

गुरुवार, ता. १२.

दोन दिवस मी तेच बोलतोय. आज मिलका जात्यावर बसली होती, दळण न थांबवता म्हणाली, "मामंजी, सेठने पाणी घेतलं नाही त्याचा राग आला ना? इलोजीभाऊजींना आपण पाणी वरून घालतो."

मी म्हटलं ते निराळं.

"बरं," म्हणाली, आणि पुढची मूठ घातली.

दिवसभर शोधलं, निराळं ते काय. इलोजीची आजी कोणाला माहीत नाही असं नाही, माहीत आहे, म्हणून तर. आणि आमच्या आज्या? मला पणजीचं नावसुद्धा सांगता येत नाही. कोकणात जहाज फुटून आले ते आपले लोक, सात बायका नि सात पुरुष, असं सांगतात. मग पुढे सगळ्यांच्या सगळ्या बायका कुठून आल्या, कोणी पाहिलंय? हा विचार बरा नाही. असे विचार या वयात नकोत.

सोमवार, ता. २३.

इलोजीकडे गेलो. चापाचा खांब बदलत होता, अंगभर भुसा. मला बसायला फळी पुसून दिली. हवापाण्याचं बोललो, भावाचं बोललो, कापूस यंदा किती वर जाईल ते बोललो. शेवटी म्हटलं, बुधवारी, फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला, सगुणाचं वर्ष आहे. संध्याकाळी ये.

त्याने रंधा ठेवला. "काका, जेवायला की मोजायला?"

मी खोकलो.

"नाही, विचारून ठेवतो. जेवायला असेल तर उशिरा आलो तरी चालेल. मोजायला असेल तर सूर्य बुडायच्या आत आलं पाहिजे ना."

"ये तर खरा."

"म्हणजे ठरलं नाही अजून!" आणि हसला. रागाने नाही. राग आला असता तर सोपं गेलं असतं मला. परत येताना रुईच्या गाडीखाली जवळजवळ आलोच होतो. गाडीवाला ओरडला, "ओ बाबाजी, डोळे घरी ठेवून आले का?"

गुरुवार, ता. २ फेब्रुवारी.

झालं. नीट लिहितो, उद्या विसरेन.

अकोल्याचे दोघे काल दुपारी बैलांच्या रेंगीतून उतरले, बुनाजी आणि रुबेनजी. रुबेनजी माझ्याहून थोडे लहान, जुने, कडक. बाकीचे सूर्य बुडायच्या आत आले. इलोजी आला तो धुतलेला अंगरखा, केस ओले. ओटीवरच थांबला. "मी इथंच बरा, काका."

रुबेनजी मला म्हणाले, हळू नाही, मोठ्याने, "हसाजी, तो आत आला तर मी उठतो."

बुनाजी लगेच सुरू झाला, पुस्तकात कुठे आहे वगैरे. त्याने रुबेनजी आणखी चढले. दाऊद आईच्या दिव्याजवळ उभा, नुसता माझ्याकडे बघतो. बाहेर उजेड उतरत चाललेला. मला वाटलं कोणीतरी ठरवावं. सवयीने मागे पाहिलं. मागे भिंत होती.

म्हटलं, "रुबेनजी, इथे सगळ्यांत म्हातारा मी. चूक असेल तर देव मला विचारील, तुम्हाला नाही. तुम्ही उठलात तर सगुणाचं राहील. तुम्हाला तिने किती वेळा वाढलंय." मग दाराकडे म्हटलं, "इलोजी, आत ये."

आवाज चिरका निघाला. पण निघाला.

तो आत आला. रुबेनजी उठले नाहीत. रागाने भिंतीकडे तोंड केलं. पण भिंत पश्चिमेची, यरुशलेमच्या दिशेची, आणि आम्ही सगळेच तिकडे तोंड करून उभे राहिलो. त्यामुळे ते रागावलेत की प्रार्थनेत आहेत हे शेवटपर्यंत कळलं नाही.

दाऊदने कद्दिश म्हटला. मध्ये अडखळला, मी शब्द दिला. आमेन दहांचा आला. सातांचा कसा येतो ते मी वर्षभर ऐकलं होतं, तसा नव्हता. की मलाच वाटलं.

पेला फिरवताना मी शेवटी ठेवला नाही. ज्या क्रमाने बसले त्या क्रमाने. इलोजीनंतर रुबेनजी होते. ते म्हणाले, तहान नाही.

रविवार, ता. ५.

मन हलकं आहे. मिलकेने रुबेनजींना वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या, त्या त्यांनी घेतल्या. जाताना मला म्हणाले, "कोकणात कळेल हो." कळेल. थोरला भाऊ काय म्हणेल याची धास्ती आहे. पण सगुणाला काय वाटलं असेल याची रोज वाटायची ती कमी झाली. ती रागावून शेवटी जेवायला बोलवायची, तसंच काही.

काशीबाईने विचारलं, "झाले का तुमचे दहा?" म्हटलं झाले. "पाहा, देवाचा हिशेब जुळला!" वांगी फुकट दिली. नको म्हटलं, ऐकेना.

मंगळवार, ता. १४.

इलोजी आला. आता तो ओटीवर थांबत नाही, आणि मलाही ते खटकत नाही. खटकत नाही याचंच नवल. बराच वेळ टोपी हातात फिरवत होता. मग म्हणाला, "काका, माझी रिबका लग्नाची झाली. बुनाजींसाठी तुम्ही शब्द टाकाल का? ते नेहमी म्हणतात फरक नाही म्हणून."

मी म्हटलं टाकतो. का नाही टाकणार? मुलगी पाहिली आहे मी, शांत आहे, सण सगळे ठाऊक. मनात थोडी गंमतही वाटली. फार बोलतो ना बुनाजी. आता बघू.

शुक्रवार, ता. १७.

बुनाजी कचेरीच्या कामाने इथे आला, दुपारी घरी. जेवण झाल्यावर विषय काढला. तो सुपारी कातरत होता, हात थांबला.

"मुलगी चांगली असेल, काका. माझं काही नाही. पण घरी आई आहे, दोन बहिणींची लग्नं व्हायची आहेत. त्यांना पुढे कोण करील?"

"पुस्तकात कुठे आहे ते?" मी म्हटलं. वाईट वागलो, पण राहवलं नाही.

त्याने अडकित्ता खाली ठेवला. मग वर बघून म्हणाला, अगदी साधेपणाने, टोमणा नव्हता तो, "काका, रिबका तुमच्या अब्रामसाठी सांगून आली असती, तर?"

अब्राम अंगणात काठीचा घोडा करून पळत होता. मिलका दारात येऊन उभी राहिली. दहांत धरायचं ठरवताना तीच बोलली होती, आता बोलेना. आई आहे त्याची. माझ्या तोंडाकडे बघत होती, मी काय म्हणतो ते.

प्रार्थनेला शेजारी उभं राहणं निराळं, असं म्हणणार होतो. 'निराळं' म्हटलं की मिलका पुन्हा जात्यावर बसेल. म्हणून ते म्हटलं नाही. आणि 'केलं असतं' असंही तोंडातून येईना. बुनाजी येतो म्हणून उठून गेला.

इलोजी रविवारी येणार आहे, काय झालं ते विचारायला. त्याला बुनाजीचं सांगेन. मग तोही तेच विचारील का, की त्याला विचारायची गरजच पडणार नाही, माझ्याकडे पाहून—

मिलकेने दिवा मांडला. सूर्य टेकला, शनिवार लागतोय. लेखणी खाली ठेवली पाहिजे.